शिवू का?

पुरुषांना आरशाचं काही नसतं असं जो म्हणतो ना, त्याला एक दिवस आमच्या दुकानात आणून बसवायला हवं होतं. तेहतीस वर्षं मी मास्तर अत्तीलियोंकडे पँटी शिवल्या. कोट मास्तरांचा, पँट माझी, आणि दोघांच्या मध्ये गिऱ्हाईक. बायका आरशासमोर उभ्या राहून स्वतःला नावं तरी ठेवतात, मोकळ्या होतात. पुरुष काही बोलत नाही. नुसता पोट आत ओढतो, श्वास धरतो आणि आपल्याला कुणी बघितलं का म्हणून चोरून मागे बघतो. मी रोज बघायची.

आमच्या नेपल्सच्या कियाया भागातल्या गल्लीतला कार्मिने मासेवाला घ्या. दारातून आधी त्याचं पोट यायचं, मग तो. पोट दाबलं जाईल म्हणून बिचारा आयुष्यभर घट्ट कोट घालून फिरला, बटणं कायम तुटायच्या बेतात. मास्तरांनी त्याला छातीत सैल कोट दिला, बटण दोन बोटं खाली घेतलं आणि मला सांगितलं, आसुंता, याची पँट पार पोटावर चढव, पट्टा काढून टाक, खांद्यावरून गेलिसचे पट्टे दे, पुढे दोन चुण्या घाल. चुणीची घडी पोटापासून जी निघाली ती सरळ बुटावर जाऊन पडली. मासेवाला आत आला होता, नगरसेवक बाहेर पडला. त्याची बायको तर दारात थबकलीच आणि हा माझाच ना, असं मला विचारलं.

आणि तो काठीसारखा प्रोफेसर. त्याला गडद, गुळगुळीत कापडं आवडायची, त्यात तो आणखी वाळायचा. मास्तरांनी जाडसर, खरबरीत कापड निवडलं, कॉलरखालची लॅपल रुंद केली, खिसे बाहेरून लावले, माझ्याकडून पँटच्या मोहरीला चांगली चार बोटांची दुमड घालून घेतली. प्रोफेसर जेवून आल्यासारखा दिसायला लागला. मास्तर म्हणायचे, अंग कुणाला बदलता येत नाही, पण बघणाऱ्याच्या नजरेला दुसरा रस्ता दाखवता येतो. मास्तर स्वतः जेमतेम पाच फूट होते, पाय बाहेर वळलेले, आणि हे मला नोकरीला लागून दोन वर्षांनी कळलं, तेही ते एकदा पोहायच्या कपड्यांत समुद्रात उतरले म्हणून. दुकानात बघाल तर राजबिंडा माणूस.

त्यांच्या मापाच्या वहीत व्यंगाला शब्दच नव्हता. सुटलेल्या पोटाला ते लिहायचे 'रविवार', कारण आमच्याकडे रविवारी आईच्या हातचा रस्सा आणि पास्ता खाऊनच ते सुटतं. उतरत्या खांद्यांना 'बाटली'. फाकलेल्या पायांना 'घोडेस्वार', म्हणजे त्यात ते स्वतःही आले. एकदा मी एका वकिलाचं पान मोठ्याने वाचून हसले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग कळलं की माणूस खरंच दुखावलाय.

आणखी एक त्यांचं वेड सांगते, कारण पुढे त्याच्यावाचून अडेल. शेवटच्या ट्रायलला ते प्रत्येकाला दोन्ही हात वर करायला लावायचे, अगदी छताला लावल्यासारखे. तेव्हा कोटाची कॉलर मानेपासून जराही सुटली तर बाह्या उसवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गिऱ्हाईक गयावया करायचं, मास्तर ऐकायचे नाहीत. जो कोट हात उचलू देत नाही तो कोट नव्हे, खोकं आहे, असं त्यांचं म्हणणं.

लढाई संपून आठ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारीच्या अखेरीस लिबोरियो आमचा जिना चढून आला, सोबत मुलगी एर्सिलिया. मी त्याला ओळखत होते. तो जमीन-नोंदणीच्या कचेरीत तळघरात कागद सांभाळायचा, आणि आख्खी गल्ली त्याला सत्तावन म्हणायची.

का ते सांगते. आमच्या नेपल्समध्ये कुबड असलेला पुरुष म्हणजे शुभ. त्याच्या पाठीवरून हात फिरवला की नशीब उघडतं म्हणतात. बाई कुबडी असेल तर मात्र अपशकुन. वा रे न्याय. लॉटरीत आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला आकडा आहे, आणि कुबड्याचा आकडा सत्तावन. सोडत शनिवारी निघते, म्हणून शनिवारी सकाळी सगळ्या शहराचे हात शिवशिवत असतात. पावाच्या दुकानात, ट्राममध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर मागून कुणीतरी येणार, पाठीवर तळवा घासणार आणि पुढे निघून जाणार. वाईट हेतू कुणाचाच नाही. त्यामुळे रागवायचीही सोय नाही. डाव्या खांद्यामागे पावाएवढा उंचवटा होता लिबोरियोच्या, आणि तो गेली चाळीसेक वर्षं सगळ्या शहराच्या मालकीचा होता. तो चालायचा भिंतीकडेने, रांगेत शेवटी उभा राहायचा, आणि आमच्या दुकानात आला तोही तिरका आला आणि इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

बोलली ती एर्सिलिया. उंच, सरळ पाठीची पोरगी, बापापेक्षा वीतभर वर. हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. ईस्टर झाल्यावर तिचं लग्न होतं. आई लढाईत बॉम्ब पडून गेली होती. आमच्यात नवरीला चर्चमध्ये वेदीपर्यंत बाप घेऊन जातो, आणि हा आता म्हणत होता की तुला काका घेऊन जाईल. ती म्हणत होती, बाबा नसतील तर मीही जाणार नाही. त्यावरून घरात महिनाभर अबोला होता आणि शेवटी ती त्याला ओढूनच आमच्याकडे घेऊन आली होती.

मास्तरांनी विचारलं, लग्न कुठल्या दिवशी. ती म्हणाली, शनिवारी, फादरना दुसरा दिवसच मोकळा नाही.

तेव्हा लिबोरियो पहिल्यांदा बोलला. "मास्तर, कोट कसाही शिवा. समोरून मी कसा दिसतो ते मला माहीत आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत दोन्ही बाजूंना माणसं, आणि सगळ्यांकडे माझी पाठ. पोरीच्या लग्नात कुणाचा हात माझ्या पाठीकडे यायला नको. एक जरी आला तर मी तिथेच थांबेन. मला पुढे पाऊल टाकता यायचं नाही."

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला, त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि विचारलं, "शिवू का?"

"शिवून घ्यायलाच तर आलोय," लिबोरियो म्हणाला.

"तसं नाही." मास्तरांनी उजवा तळवा त्याच्यापुढे उघडा धरला. "पाठीला शिवू का, असं विचारतोय. मापाला लागेल. माझ्या हाताला तुमच्याकडून काही नको आहे."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला हे कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. सख्ख्या आईनेसुद्धा विचारलं नसेल. मी उगाच सुईत दोरा ओवत बसले, आणि दोरा काही केल्या जाईना. मग तो भिंतीपासून सुटा झाला, हळूच वळला आणि मान हलवली. मास्तरांनी डोळे मिटून त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसे. वहीत मी नंतर बघितलं. सगळी मापं होती, डावीकडे कापड दीड बोट जास्त एवढंच लिहिलं होतं, आणि नाव ठेवायची जागा कोरी होती.

जाताना त्यांनी पोरीला विचारलं, या कोटात बाबा काय काय करणार, बसणार, चालणार, नाचणार, कुणाच्या गळ्यात पडणार? हे ते सगळ्यांनाच विचारायचे. एर्सिलिया म्हणाली, "चालणार आणि बसणार. गळ्यात पडणं आमच्यात नाही. लहानपणी मी पाठीवर हात टाकला की बाबा दचकायचे, म्हणून मग मी नुसता त्यांचा हात धरते."

मास्तर कामाला लागले. तसं काम मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. उभ्या रेघांचं कापड त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही, कारण उंचवट्यावर रेघ वाकली की चुगली करते. चौकडीचं तर नावच नको. चकाकणारं कापड बाद. शेवटी गर्द निळ्या रंगाचं, पाण्यात पडलेल्या सावलीसारखं एक मऊ लोकरीचं कापड काढलं. मागचा भाग त्यांनी नुसता कात्रीने कापला नाही, इस्त्रीने घडवला. ओलं फडकं ठेवायचं, वाफ द्यायची, कापड कुठे ताणायचं, कुठे गोळा करायचं, बोटांनी लोण्यासारखं सरकवायचं. वाफेत त्यांचा चेहरा दिसेनासा व्हायचा. मी काजं करायची सोडून बघत बसायची आणि ते माझ्यावर खेकसायचे.

आता माझी लाज सांगते.

दुसरी ट्रायल शनिवारी सकाळी आली. आदल्या आठवड्यात माझा मेलेला नवरा स्वप्नात येऊन मोजे मागून गेला होता. मेलेला बोलला तर अठ्ठेचाळीस, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. अठ्ठेचाळीसबरोबर मी सत्तावन लावायचं ठरवलं होतं, चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात होती, दुपारी लॉटरीच्या दुकानावर द्यायची होती.

लिबोरियो कच्च्या टाक्यांचा कोट घालून तीन भागांच्या आरशासमोर उभा होता. मास्तरांनी बाजूचे दोन्ही भाग उघडले. स्वतःची पाठ पूर्ण अशी त्याने बहुधा पहिल्यांदाच बघितली. डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली. हनुवटी जरा वर उचलली. मी त्याच्या मागे गुडघ्यांवर बसून पँटच्या मोहरीला टाचण्या लावत होते. तेवढं काम झालं, मी उठले, आणि उठता उठता माझा हात त्याच्या पाठीवरून फिरला.

धागा झटकला, असं मी तेव्हा म्हटलं. धागा नव्हता.

तीन आरशांत त्याला तीन वेळा तो हात दिसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कोट नीट काढला, कच्चे टाके तुटू नयेत म्हणून एकेक बाही सावकाश सोडवली, टेबलावर ठेवला. आपला जुना अंगात घातला. "आसुंताबाई, तुम्हीसुद्धा," एवढं म्हणाला आणि भिंतीकडेने दाराबाहेर गेला.

मास्तर दिवसभर माझ्याकडे पाठ करून इस्त्री करत राहिले. आता आपल्याला काढून टाकणार हे मी धरूनच चालले होते. पाच वाजता सोडतीचे आकडे खालच्या कॉफीवाल्याने ओरडून सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"लागला?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही," मी म्हटलं. मेला नवरा, जिवंतपणी कधी उपयोगी पडला नाही, तो मेल्यावर काय पडणार.

"बरं. आता इकडे ये आणि सांग, हात का उचलला गेला?"

मला वाटलं, माफी मागायला सांगताहेत. मी ॲप्रनला डोळे पुसत माझ्या लोभाबद्दल, स्वप्नाबद्दल, माझ्या आईने लावलेल्या सवयीबद्दल बोलायला लागले. मास्तर वैतागले. "ते फादरला जाऊन सांग. मी कोटाबद्दल विचारतोय. तू गुडघ्यांवर होतीस, उठलीस. तुझी नजर कुठे गेली?"

त्यांनी कपडे चढवायच्या पुतळ्याच्या डाव्या खांद्यामागे कापूस बांधून लिबोरियोची पाठ तयार केली होती, तिच्यावर कोट चढवला. मी खाली बसले, उठले, आणि मला दिसलं. कॉलरच्या खालून एक बारीकशी ओढ निघून थेट उंचवट्याकडे जात होती. तिथे कापड ताणून इतकं तुळतुळीत बसलं होतं की नजरेला दुसरीकडे जायला वावच नव्हता. मी बोट ठेवून दाखवलं.

मास्तर खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हणजे मीच चुकलो. मी ते दाबायला बघत होतो, लोक बघतात तसंच मीही बघितलं. मासेवाल्याचं पोट दाबू नये हे मला कळतं, आणि इथे मी दाबत बसलो." आणि कात्री घेऊन त्यांनी तीन आठवड्यांचं काम माझ्यासमोर उसवलं.

माझ्या हाताचं पाप त्या माणसाने आपल्या कात्रीवर घेतलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मास्तर त्यात चांगुलपणा वगैरे काही करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. कोट नीट असता तर आसुंताचा हात उठला नसता, एवढं साधं गणित होतं त्यांचं.

नवा कोट त्यांनी उलट बाजूने सुरू केला. डावीकडचं झाकायच्या भानगडीतच पडले नाहीत. उजव्या, चांगल्या खांद्याखाली कापसाचे पातळ पातळ थर दिले, डावीकडून खांद्याचा सगळा भरणा काढून टाकला. पाठ दोन्हीकडे सारखी रुंद केली आणि बाह्यांच्या दोन्ही मुंढ्यांजवळ कापडाला उभं, मोकळं पडू दिलं. पुढे लॅपल जरा भरदार घेतली, छातीवरचा खिसा होडीच्या आकाराचा वर उचललेला ठेवला. आणि मला शिक्षा काय केली असेल? दर शनिवारी सकाळी मला पुतळ्यामागे गुडघ्यांवर बसवायचे, उठवायचे आणि विचारायचे, शिवशिवतोय का? पहिल्या शनिवारी मी म्हटलं, थोडासा. त्यांनी मुंढा उसवला. दुसऱ्या शनिवारी म्हटलं, अगदी किंचित, कॉलरजवळ. कॉलर उसवली. तिसऱ्या शनिवारी मी उठले आणि समोर नुसती एक पाठ होती, एका धडधाकट माणसाची. माझा हात खिशात गप्प राहिला.

कोट होत आला, पण माणूस कुठे होता? मध्ये एर्सिलिया एकदा येऊन गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मास्तरांना म्हणाली, बाबा येणार नाहीत, काकांसाठी काही शिवू नका, लग्नच पुढे ढकलतेय. नवऱ्याकडच्यांना काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. हे सगळं माझ्या एका हातामुळे. दुसऱ्या दिवशी मी कचेरीचं तळघर गाठलं.

तो दिव्याखाली बसला होता, पाठीमागे कपाट. मला बघून उठला नाही. मी वाटेत चांगलं लांबलचक भाषण जुळवलं होतं, ते पायरीवरच विसरले. म्हटलं, "धागा नव्हता. मी मुद्दाम हात लावला. लॉटरीसाठी."

त्याने हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आजवर हजारोंनी लावला असेल. मुद्दाम लावला म्हणून सांगायला तुम्हीच आलात. सत्तावन खेळलात?"

"खेळले."

"आला?"

"कसला येतोय."

"येत नाही," तो म्हणाला. "मी स्वतः वीस वर्षं खेळतोय. हात तर माझाच, पाठही माझीच. एकदाही आला नाही."

आणि तो हसला. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता मी तिथल्या धुळीच्या फायलींवर डोकं ठेवून रडले. मास्तरांनी कोट नवा शिवलाय, तेवढा एकदा अंगाला लावून बघा, हवं तर मी त्या दिवशी दुकानात येत नाही, असं म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "दुकानात या. चर्चमध्येही या. कडेच्या जागेवर बसा, माझा हात लागेल इतक्या जवळ. तुमच्यासारखी पक्की खेळाडू गप्प बसली तर बाकीच्यांचं मला भय नाही."

शेवटच्या ट्रायलला कोट त्याच्या अंगावर असा बसला की मास्तरांनी खडू खाली ठेवला. फक्त एक राहिलं. हात वर करा म्हटल्यावर लिबोरियोने ते खांद्यापर्यंत आणले आणि थांबला. म्हणाला, याच्या वर हात न्यायची मला सवय नाही मास्तर, वेळच आली नाही कधी. आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी कॉलर न तपासता कोट घरी जाऊ दिला. पुढचे चार दिवस ते मला झोप नाही म्हणून सांगत होते.

लग्नाच्या शनिवारी ऊन लख्ख होतं. लॉटरीच्या दुकानापुढे रांग होती, तिच्याकडे पाठ करून मी चर्चमध्ये शिरले आणि कडेची जागा धरली. शेजारी पेप्पिनेल्ला भाजीवाली येऊन बसली. ही बाई चालत्या ट्राममध्ये खिडकीतून हात घालून पाठीला शिवणारी. तिच्या मांडीवर पाकीट, पाकिटातून चिठ्ठीचं टोक बाहेर आलेलं.

चर्चचा ऑर्गन वाजायला लागला. सगळे उठले. दारातून एर्सिलिया आली, आणि तिच्या हाताला तो. सावकाश चालत होता, अगदी मधोमध. भिंत दोन्हीकडून लांब होती. आमच्या बाजूने पुढे गेला तेव्हा त्याची बाही माझ्या बाहीला घासली. मी त्याच्या पाठीकडे बघितलं. बायांनो, मी शिवणारी बाई आहे, मला शिवण दिसते, भरणा दिसतो, कुठे काय लपवलंय ते दिसतं. मला काही दिसलं नाही. मुलीला घेऊन निघालेला एक बाप दिसला, रुबाबदार, आणि जराही घाईत नसलेला.

पेप्पिनेल्लाने मला कोपर मारलं. "अगं, सत्तावन कुठाय? पोरीला घेऊन चाललाय तो साहेब कोण?"

"तिचा बाप," मी म्हटलं.

"चल, काहीतरीच." तिने मान लांब करून बघितलं, परत बघितलं. मग हळूच चिठ्ठी पाकिटात ढकलली आणि पाकीट बंद केलं.

तो वेदीपर्यंत पोचला. मध्ये कुठेही थांबला नाही. मी मागे वळून बघितलं तर शेवटच्या खांबाशी मास्तर उभे, टोपी दोन्ही हातांत चुरगळलेली.

सगळं आटोपल्यावर लोक पायऱ्यांवर आले, साखरेत घोळलेल्या बदामांची वाटावाटी सुरू झाली. लिबोरियो चौकाच्या मधोमध उभा होता, पाठीला काहीही नाही, नुसतं ऊन. गाडीत बसायला निघालेली एर्सिलिया अर्ध्या वाटेतून परत आली. त्याचा हात धरायला म्हणून तिने हात पुढे केला, आणि मग धरलाच नाही. तशीच उभी राहिली. मला ऐकू आलं, ती म्हणाली, "बाबा, शिवू का?"

हे तिला कुणी सांगितलं, की त्या दिवशी दुकानात ऐकलेलं तिने जपून ठेवलं होतं, मला माहीत नाही.

पोरगी उंच. तिच्या गळ्यात पडायचं तर त्याला हात वर न्यावे लागले, खांद्यांच्याही वर, चांगले उंच, आजवर कधी नेले नव्हते इतके. तिचे दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर होते, डावा तर नेमका तिथेच. तो दचकला नाही. आमच्या गल्लीतली चाळीस-पन्नास माणसं तिथे होती आणि एकाचाही हात पुढे आला नाही.

मास्तर केव्हातरी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"आसुंता, बघ," ते म्हणाले. "कॉलर हलली नाही."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते बघत होते कॉलरकडेच.